दंपती म्हणजे घराचे दोघे धनी



'दंपती' हा शब्द आपण लग्नपत्रिकेत वाचतो आणि विवाहप्रसंगी आशीर्वादपर भाषणांत ऐकतो. त्याच्या अर्थाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. जुन्या वैदिक भाषेत 'दम्' म्हणजे घर आणि 'पती' म्हणजे धनी. 'दंपती' हे रूप द्विवचनी आहे. घराचा एक धनी आणि दुसरी त्याच्या आश्रयाला राहणारी, असा या शब्दाचा अर्थ होत नाही. घराचे दोघे धनी, असाच त्याचा सरळ अर्थ आहे. शरणमार्गाने हा अर्थ आचरणात आणला. पतीच्या गळ्यात जसे इष्टलिंग तसेच पत्नीच्या गळ्यातही आहे. पतीने केलेल्या पूजेचे पुण्य पत्नीच्या खाती जमा होईल, अशी सोय तेथे नाही. प्रत्येकाने आपापली साधना करावयाची आणि दोघांनी मिळून दासोह करावयाचा.

परंतु घराला दोन धनी असले म्हणजे दोन मते आलीच. भांड्याला भांडे लागणारच, असे आपल्या आया-आज्या म्हणत. भांडे लागले यात विशेष काही नाही. लागल्यावर पुढे काय होते, हे महत्त्वाचे आहे. काही घरांत दोघे बोलून मोकळे होतात. काही घरांत अबोला सुरू होतो, अबोल्याचे महिने होतात, आणि मग एके दिवशी माहेरी निरोप जातो. पूर्वी अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी मध्ये पडत. आज सोलापूर, लातूर, सांगलीकडची कितीतरी कुटुंबे नोकरीनिमित्त दूर शहरी राहतात. बडोद्यासारख्या शहरात कोयलीची रिफायनरी, खतांचे व रसायनांचे कारखाने यांच्या आधारावर संसार थाटलेली मराठी घरे पुष्कळ आहेत. दोन खोल्यांत नवरा-बायको आणि एखादे मूल. कानाशी लागणारे कोणी नाही, तसे समजूत घालणारेही कोणी नाही.

या पाठात आपल्याला एका नव्या साधनाचा विचार करावयाचा आहे. ते साधन म्हणजे दांपत्य-समुपदेशन. ते काय आहे, ते कशाने उपयोगी पडते, आणि कोठे उपयोगी पडत नाही, हे क्रमाने पाहू.

१. लक्कम्मांनी तांदूळ परत पाठविले

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहे. कल्याण नगरीत सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्यातून जंगमदासोह चालत असे. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांच्या ते तत्काळ ध्यानात आले. गरजेपेक्षा जास्त आले ते आपले नव्हे, जेथून आणले तेथेच टाकून या, असे त्यांनी पतीला सांगितले. मारय्यांनी तसे केले.

या कथेवर भाष्य करताना आपण नेहमी कायक आणि अपरिग्रह यांविषयी बोलतो. ते योग्यच आहे. आज मात्र त्यातील पति-पत्नीच्या संभाषणाकडे पाहावयाचे आहे. लक्कम्मांना पतीची एक कृती पटलेली नाही. या प्रसंगावरील त्यांच्या वचनात त्या आधी विचारतात. ही तुमच्या मनाची ओढ की बसवण्णांनी घेतलेली परीक्षा, अशा आशयाची पृच्छा त्या करतात आणि मग आपले म्हणणे सांगतात. मूळ कन्नडात हे संबोधन आदरार्थी आहे. बोलणे तांदळाविषयी आहे. मारय्यांच्या कुळाविषयी, आईबापांविषयी किंवा गेल्या वर्षीच्या चुकीविषयी त्यात काही नाही. सांगणे त्याच दिवशी झाले आणि ज्याला सांगावयाचे त्यालाच झाले, शेजारणीला नव्हे.

आता मारय्यांकडे पाहा. पत्नीने चूक दाखविली म्हणून त्यांचा मान गेला नाही. 'तू मला शिकविणार काय?' हा प्रश्न त्यांच्या तोंडी नाही. लक्कम्मांचे सांगणे जितके थोर आहे तितकेच मारय्यांचे ऐकणे थोर आहे. सांगणारा आणि ऐकणारा असे दोघे असल्याशिवाय संवाद पुरा होत नाही. संसार बहुधा येथेच अडतो. एकाला सांगता येत नाही किंवा दुसऱ्याला ऐकता येत नाही.

२. तक्रार आणि तुच्छता

अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे एक वेगळ्या धर्तीचे संशोधन केले. जोडप्यांना समोरासमोर बसवून त्यांच्या नेहमीच्या वादाच्या विषयावर बोलावयास सांगावयाचे, ते बोलणे चित्रित करावयाचे, त्या वेळी नाडीचे ठोके मोजावयाचे, आणि पुढे काही वर्षांनी त्या जोडप्याचे काय झाले ते पाहावयाचे. यातून जे दिसले ते आपल्याला विचार करावयास लावणारे आहे.

पहिली गोष्ट अशी की, सुखी आणि दुःखी अशा दोन्ही जोडप्यांत वाद असतात. गॉटमन यांच्या अभ्यासात सुमारे ६९ टक्के वाद हे कायमचे आढळले. एकाला काटकसर आवडते, दुसऱ्याला हात मोकळा. एकाला माणसांत रमावेसे वाटते, दुसऱ्याला एकांत हवा. असे वाद मिटत नाहीत. ते सांभाळून घ्यावे लागतात. ज्यांचा संसार टिकला त्यांनी वाद संपविला नव्हता, वादाची भाषा सांभाळली होती.

दुसरी गोष्ट अशी की, चार सवयी संसाराला विशेष घातक आढळल्या. माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणारी टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि अबोल्याची भिंत. यांत तुच्छता सर्वांत वाईट. नाक मुरडणे, टोमणा मारणे, नक्कल करणे, 'तुमच्याकडून दुसरे काय होणार' असे म्हणणे ही सर्व तुच्छतेची रूपे होत.

तक्रार आणि टीका यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पती कारखान्यात रात्रपाळी करतो आणि पत्नी शाळेत शिकविते. तो सकाळी घरी येतो तेव्हा ती निघण्याच्या घाईत असते. ती म्हणते, "तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही. तुमच्या घरचे सगळे असेच." तो म्हणतो, "रात्रभर उभा राहून आलोय, तुला काय कळणार!" येथे दोघांनीही एकमेकांच्या माणूसपणावर घाव घातला. आता तीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगता येते. "अहो, या आठवड्यात तीनदा मुलीला शाळेत सोडायला मीच गेले आणि मला उशीर झाला. मला दमायला होतं. रात्रपाळीच्या आठवड्यात हे कसं करायचं ते ठरवू या." येथेही तक्रार आहेच, आणि ती स्पष्ट आहे. पण ती कामाविषयी आहे आणि तिच्या शेवटी दोघांनी मिळून करावयाचा विचार आहे. लक्कम्मांचे बोलणे तांदळाविषयी होते, असे वर म्हटले त्याचे मर्म हेच.

तिसरी गोष्ट प्रमाणाची आहे. टिकलेल्या जोडप्यांत वाद चालू असतानाही एका कटू कृतीस साधारणपणे पाच गोड कृती आढळल्या. 'गोड कृती' म्हणजे मोठे काही नव्हे. मान डोलावणे, पाण्याचा पेला पुढे करणे, 'हे तुझं बरोबर आहे' असे एखादे वाक्य, मध्येच आलेले हसू. एवढ्याने वादाचे विष उतरते.

३. समुपदेशन म्हणजे काय?

'उपदेश' हा शब्द आपल्याला परिचित आहे. एक सांगतो, दुसरा ऐकतो. त्याच्या आधी 'सम्' लागला की अर्थ पालटतो. 'सम्' म्हणजे एकत्र, नीट, सारखेपणाने. येथे समुपदेशक हा न्यायाधीश नसतो. चूक कोणाची हे ठरवून निकाल देणे त्याचे काम नाही. 'संसार असाच असतो, सोसावे लागते' असा उपदेश करणे हेही त्याचे काम नाही. दोघे धनी आपले बोलणे स्वतः पुन्हा सुरू करतील अशी स्थिती निर्माण करणे, एवढेच त्याचे काम.

अनुभवमंटपाची आठवण येथे येते. प्रभुदेव शून्यसिंहासनावर होते, परंतु ते प्रश्न विचारीत. उत्तर प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवातून द्यावे लागे. दुसऱ्याचे पाठ केलेले उत्तर तेथे चालत नसे. अनुभवमंटप आणि समुपदेशकाची खोली एकच, असे कोणी म्हणणार नाही. पण योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला तर माणूस स्वतःशी खरे बोलू लागतो, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

प्रत्यक्ष कामाची रीत साधारणपणे अशी असते. प्रथम दोघांची एकत्र भेट होते. त्यानंतर प्रत्येकाशी एकट्याने बोलणे होते, कारण काही गोष्टी जोडीदारासमोर सांगता येत नाहीत; कोणाला भीती वाटत असेल तर ती येथेच कळते. मग एकत्र बैठका सुरू होतात, बहुधा आठवड्यातून एकदा, तासाभराच्या. त्यात एक साधा नियम असतो. एकाने बोलावयाचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावयाचे, आणि उत्तर देण्यापूर्वी 'तू असं म्हणतेस ना?' असे ऐकलेले परत सांगावयाचे. ऐकावयास हे अगदी पोरकट वाटते. पण पुष्कळदा पहिल्या बैठकीत परत सांगितलेले वाक्य मूळ वाक्याशी जुळत नाही. पत्नी म्हणते, 'मला एकटं वाटतं', आणि पतीला ऐकू येते, 'तुम्ही नालायक आहात.' वर्षानुवर्षे दोघे न बोललेल्या वाक्यांना उत्तरे देत असतात. हे एकदा उमगले की निम्मे काम झाले.

सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात कॅनडात याच्याही खोल जाणारी एक पद्धत विकसित केली. रागाच्या खाली काय आहे ते शोधावयाचे. बहुतेक वेळा रागाखाली भीती असते: 'माझी गरज उरली नाही काय?' राग दाखविला की समोरचा मागे सरतो; भीती सांगितली की तो जवळ येतो. परंतु ती सांगावयास धीर लागतो आणि विश्वासाचे वातावरण लागते. ते वातावरण समुपदेशक निर्माण करतो.

येथे एक शंका येईल. घरातील गोष्ट बाहेरच्याला सांगणे म्हणजे अब्रू वेशीवर टांगणे नव्हे काय? उलट पाहा. वेशीवर अब्रू जाते ती अर्धवट गोष्ट दहा नातेवाइकांना सांगितल्याने. समुपदेशकावर गुप्ततेचे बंधन असते. नातेवाईक कितीही चांगले असले तरी ते मुलाचे किंवा मुलीचे असतात. पती-पत्नीत समेट झाल्यावरही त्यांच्या मनातील किल्मिष जात नाही.

दुसरी शंका: याचा खरोखर उपयोग होतो काय? अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी अमेरिकेत १३४ जोडप्यांवर एक काटेकोर अभ्यास केला. ही जोडपी दीर्घकाळ आणि तीव्र कलहात असलेली होती. त्यांना २६ पर्यंत बैठका देण्यात आल्या. बैठका संपल्या तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जोडप्यांत सुधारणा होती. पाच वर्षांनंतर पाहिले तेव्हा सुमारे निम्म्या जोडप्यांत ती टिकून होती आणि सुमारे एक-चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती. म्हणजे ही जादू नाही. पण मोडकळीस आलेल्या दहा घरांपैकी पाच घरे पाच वर्षांनंतरही बऱ्या स्थितीत उभी असतील, तर त्या साधनाला कमी लेखता येणार नाही. जखम ताजी असताना औषध लवकर लागू पडते. म्हणून लोक सर्व उपाय थकल्यावर शेवटी समुपदेशकाकडे जातात, ती रीत बदलावयास हवी.

४. बडोद्याचा धडा

या विषयात बडोद्याचे नाव एका वेगळ्या कारणाने घ्यावे लागते. श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या संस्थानात विधवाविवाह, बालविवाह-प्रतिबंध, सक्तीचे प्राथमिक शिक्षण असे कायदे केले, हे सर्वश्रुत आहे. १९३१ साली बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी लग्नविच्छेदाचा कायदा केला. संपूर्ण भारताला लागू होणारा हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. म्हणजे बडोद्याच्या स्त्रीला हा हक्क त्याच्या २४ वर्षे आधी मिळाला.

लग्न जुळवून ठेवण्याच्या विचारात घटस्फोटाच्या कायद्याचा गौरव कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या पाठाचे सार आहे. ज्या घराचे दार बाहेरून बंद आहे तेथे राहणे हा काही निर्णय नव्हे. दार उघडे असताना माणूस राहतो तेव्हा ते राहणे त्याचे स्वतःचे असते. आपल्याकडे 'समेट झाला' असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा एवढेच झालेले असते की, चार शहाणी माणसे बसली आणि 'मुलीला नांदायला पाठवा' असे ठरले. मुलीला कोणी विचारले नाही. मुलालाही त्याचे दुःख कोणी विचारले नाही. हा समेट नव्हे. ही भांडणावर घातलेली चादर आहे. खरा समेट दोन धन्यांमध्येच होऊ शकतो. धनी आणि आश्रित यांच्यात होते ती केवळ शरणागती, आणि तीही शरणांनी सांगितलेली नव्हे.

बडोद्याने पुढे आणखी एक वाट दाखविली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. श्रीमती हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून 'सर्व मानव' असे शब्द येण्यास त्या कारण झाल्या. या विद्यापीठात समाजकार्य आणि गृहविज्ञान या विद्याशाखा उभ्या राहिल्या. कुटुंब हा केवळ प्रवचनाचा विषय नसून शिकण्याचा व शिकविण्याचा विषय आहे, ही दृष्टी त्यातून आली.

५. न्यायालयाची भूमिका

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने ही दृष्टी न्यायव्यवस्थेत आणली. या कायद्यानुसार निकालाकडे जाण्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. समेटाची शक्यता दिसली तर न्यायालय सुनावणी पुढे ढकलू शकते. न्यायालयाला समुपदेशकांचे साहाय्य असते. वकील हवाच असा हक्काने आग्रह तेथे धरता येत नाही, कारण पति-पत्नींनी शक्यतो आपल्या तोंडाने बोलावे असा हेतू आहे. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ साली अशी न्यायालये सुरू झाली. बडोद्यातही कुटुंब न्यायालय आहे.

परस्पर संमतीने विभक्त होण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचा काळ ठेवला आहे, तो पुनर्विचारासाठी. जेथे पुन्हा एकत्र येण्याची शक्यताच उरलेली नाही तेथे हा काळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. त्यापूर्वी २०१३ साली त्याच न्यायालयाने वैवाहिक वादात मध्यस्थीचा प्रयत्न व्हावा, आणि शक्य तर खटला दाखल होण्यापूर्वीच व्हावा, यावर भर दिला होता. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे कायद्याचा रोख कळतो. जोडता येत असेल तर मनापासून प्रयत्न करा. येत नसेल तर माणसांना वर्षानुवर्षे टांगून ठेवू नका.

६. जेथे मार आहे तेथे आधी संरक्षण

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. समुपदेशन दोन समानांसाठी आहे. जेथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तेथे दोघांना एका खोलीत बसवून 'मोकळेपणाने बोला' असे सांगणे धोक्याचे आहे. तेथे बोललेल्या शब्दाची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. म्हणून मारहाण, धमकी, पैशाची कोंडी, हुंड्यासाठी छळ असेल तर पहिले काम संरक्षणाचे. समुपदेशन नंतर, तेही पीडित व्यक्तीची इच्छा असेल तर.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. परंतु त्याच्या नियमांत एक मोलाची अट आहे. समुपदेशनात हिंसा करणाऱ्याला आपल्या हिंसेचे समर्थन मांडता येत नाही. 'तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला' हे तेथे चालत नाही. हिंसा पुन्हा होणार नाही, या हमीपासूनच बोलणे सुरू होते. आपल्या गावच्या बैठकींनीही हा नियम उचलावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

व्यसनाचेही तसेच. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी दारूने मोडलेली घरे तेथेही आहेत. व्यसनावर उपचार न करता केवळ पति-पत्नीच्या संवादाचा प्रयत्न केला तर तो टिकत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे १९८६ साली सुरू झाले, व्यसनी व्यक्तीच्या पत्नीसाठीही 'सहचरी' या नावाने काम चालविले, ते याच जाणिवेतून.

आणि काही घरे जुळत नाहीत, हेही मान्य करावे. अक्कमहादेवींनी कौशिकाचे घर सोडले. परंपरा सांगते की त्यांनी अटी घातल्या होत्या आणि त्या मोडल्या गेल्या. कल्याणला आल्यावर प्रभुदेवांनी त्यांना कठोर प्रश्न विचारले, परंतु 'नवऱ्याकडे परत जा' असे कोणी सांगितले नाही. शरणांनी त्यांना 'अक्का' म्हणून वंदन केले. ज्या समाजाने घर सोडून आलेल्या स्त्रीला थोरल्या बहिणीचा मान दिला, त्या समाजात विभक्त झालेल्या लेकीकडे पाहून कोणी कुजबुजू नये.

७. कोठे जावे?

बडोद्यात राहणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती. कुटुंब न्यायालयाच्या समुपदेशकांचा उल्लेख वर आलाच आहे. खटला दाखल करण्यापूर्वीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे समेटासाठी अर्ज करता येतो. उदासीनता, संशयविकार, निद्रानाश अशा तक्रारींनी घर पोखरले जात असेल तर सर सयाजीराव रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. संकटातील स्त्रीसाठी गुजरातेत '१८१ अभयम्' ही दूरध्वनी सेवा २०१५ पासून राज्यभर चालू आहे. तिच्या वाहनाबरोबर समुपदेशिका येते. मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' ही देशव्यापी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६.

समुपदेशक निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. त्याने मानसशास्त्र किंवा समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतले आहे काय? तो दोघांचेही सारखे ऐकतो काय? आणि ऐकलेले स्वतःपाशी ठेवतो काय? पहिल्याच भेटीत जो एकाची बाजू घेऊन निकाल देतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. पती यावयास तयार नसेल किंवा पत्नी तयार नसेल, तर एकट्याने जाण्यासही हरकत नाही. एकाची बोलण्याची रीत बदलली की दुसऱ्याच्या उत्तरातही पुष्कळदा फरक पडतो.

८. घरातील साधना

ज्यांच्या घरी अजून समुपदेशकाची गरज पडलेली नाही, त्यांच्यासाठी एक लहानसे व्रत सुचवितो. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. सायंपूजेनंतर, मुले झोपल्यावर, दूरदर्शन आणि मोबाईल बंद करून दोघांनी अर्धा तास समोरासमोर बसावे. प्रथम प्रत्येकाने जोडीदाराने त्या आठवड्यात केलेल्या एका चांगल्या गोष्टीचा नाव घेऊन उल्लेख करावा. नंतर प्रत्येकाने एकच अडचण मांडावी. 'तुम्ही नेहमी' आणि 'तू कधीच' हे शब्द वर्ज्य. ऐकणाऱ्याने ऐकलेले परत सांगावे आणि मगच उत्तर द्यावे. आवाज चढू लागला, छाती धडधडू लागली, तर किमान वीस मिनिटे थांबावे; तापलेल्या शरीराला ऐकू येत नाही. थांबताना 'मी परत येतो' असे सांगून उठावे, नाहीतर त्याचाच अबोला होतो. शेवटी एक लहान गोष्ट ठरवावी आणि पुढच्या आठवड्यात ती झाली काय ते पाहावे.

पहिले दोन-तीन आठवडे अवघडल्यासारखे होईल. इष्टलिंगपूजेला पहिल्यांदा बसलो तेव्हाही मन कोठे लागले होते? नेमानेच गोडी लागते.

मननासाठी प्रश्न

(१) गेल्या महिन्यात आपण जोडीदाराविषयीची कोणती तक्रार त्याला न सांगता दुसऱ्यालाच सांगितली?

(२) आपल्या बोलण्यात टोमणा कोठे येतो? त्या जागी साधी तक्रार कशी मांडता येईल?

(३) मारय्यांच्या जागी आपण असतो तर तांदूळ परत नेले असते काय?

(४) आपल्या कुटुंबात झालेल्या एखाद्या समेटात स्त्रीचे आणि पुरुषाचे म्हणणे खरोखर ऐकले गेले होते काय?

(५) आपल्या घरातील कोणी व्यक्ती दुसऱ्याला भिऊन गप्प राहते काय? असल्यास आपले पहिले कर्तव्य कोणते?

हे प्रश्न पति-पत्नींनी आधी वेगवेगळे लिहून काढावेत आणि मग एकत्र वाचावेत. उत्तरे जुळली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नये. बोलण्याचा प्रारंभ तेथूनच होईल.

शरणु शरणार्थी.